त्याआधी तुम्ही काय करत होतात?

शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पहिला तास संपत आला की मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, तुम्ही स्वतः शाळेत शिकवलंय का?” विचारण्यात उद्धटपणा नसतो. समोर उभी असलेली ही बाई पुढचे तीन दिवस आपल्याला वर्गाबद्दल सांगणार आहे, तर तिने कधी ४५ मुलांच्या गलक्यात उभं राहून घंटा व्हायच्या आत पाठ संपवलाय का, हे जाणून घ्यायचा हक्क शिक्षकाला आहेच. मी सांगते, “हो, १२ वर्षं. पाचवी ते आठवी, गणित.” खोली सैलावते. माना डोलतात, वह्या उघडतात.

या १२ वर्षांनी मला कितीतरी शाळांची दारं उघडून दिली. पण शिक्षकांसोबत काम करण्याचं हे माझं चौदावं वर्ष आहे आणि अलीकडे ते उत्तर देताना मला जपून बोलावंसं वाटतं. वर्गातल्या वर्षांचा आकडा बारावर थांबलाय, वर्ग सोडून झालेली वर्षं मात्र वाढत चालली आहेत. शिवाय पहिल्या दोन वर्षांत मी शिक्षकांबरोबर ज्या चुका केल्या, त्यातल्या बहुतेक याच १२ वर्षांच्या जोरावर केल्या. त्या लिहून ठेवाव्यात असं बरेच दिवस मनात होतं. शिक्षकांना शिकवणारी माणसं कुठून यावीत यावर बोलणं सुरू झालं की बोलणारे सहसा ‘अनुभवी शिक्षक नेमा’ इथे येऊन थांबतात. मीही आधी तिथेच थांबत असे.

सुरुवातीच्या महिन्यांतला एक तास जसाच्या तसा आठवतो. पाचवीचा वर्ग, दशांश अपूर्णांक. शिक्षिका नवीन, नोकरीचं दुसरं वर्ष. तिने फळ्यावर ०.३५ आणि ०.८ लिहिलं आणि विचारलं, यात मोठं कोण? एक मुलगा म्हणाला, ०.३५. “का?” “३५ हे ८ पेक्षा मोठे आहेत ना.” तिने मान हलवली, “चूक, नीट बघ,” म्हणाली आणि दुसऱ्या मुलाकडे वळली. त्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने बरोबर सांगितलं, कारण तोवर दुसरा पर्यायच उरला नव्हता. पाठ पुढे सरकला.

मी मागच्या बाकावर होते. मला राहवलं नाही. उठून पुढे गेले आणि हात पुढे केला. तिने खडू दिला. देण्यावाचून तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी फळ्यावर मोठा चौरस काढला, त्याचे दहा उभे पट्टे केले, आठ रंगवले. शेजारी तेवढाच दुसरा चौरस, त्याचे शंभर चौकोन, त्यातले पस्तीस रंगवले. रंगवून होईस्तोवर मुलं ओरडायला लागली, “०.८ मोठं!” तो पहिला मुलगा जागेवरून उठून फळ्यापाशी आला आणि बोटाने पट्टे मोजू लागला. मला अतिशय आनंद झाला. कितीतरी महिन्यांनी हातात खडू आला होता.

तास संपल्यावर ती फळा पुसत होती. पुसता पुसता थांबून तिने विचारलं, “मॅडम, इथे चौरस काढायचा हे तुम्हाला कसं सुचलं?”

मी म्हटलं, “येतं ते अनुभवाने.”

त्या उत्तराचा मला आजही त्रास होतो. तिने अगदी नेमका प्रश्न विचारला होता आणि मी तिला आणखी दहा वर्षं थांबायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा ती पुढच्या धड्यावर होती. आता ०.३५ आणि ०.८ ची जोडी तिच्या मुलांना सोडवता येत होती. दुसरी जोडी दिली की पुन्हा गोंधळ.

खरं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं. दशांश चिन्हापुढचे अंक मुलं पूर्ण संख्येसारखे वाचतात. वाचणारच, कारण तोवर त्यांनी शिकलेल्या प्रत्येक संख्येत जास्त अंक म्हणजे मोठी संख्या, हा नियम कधी मोडलेला नसतो. काही मुलं याच्या उलट चुकतात. जितके जास्त अंक तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान, असं ती धरून चालतात. त्यांना ०.३५ आणि ०.८ विचारलं की उत्तर बरोबर येतं आणि आपल्याला वाटतं, समजलं. मग ०.६५ आणि ०.५ विचारावं, म्हणजे ही मुलं ०.५ मोठं म्हणतात आणि आतला घोळ बाहेर येतो. म्हणून एका जोडीवर थांबायचं नसतं, दुसरी जोडी मुद्दाम उलटी निवडायची असते. वर्षानुवर्षं वह्या तपासताना हे माझ्या नजरेत बसलं होतं. मात्र ते बोलून दाखवायची वेळ कधी आली नव्हती. मुलांना चौरस काढून दिला की काम भागत होतं. शिक्षकाला तो चौरस का, कुणासाठी, कोणत्या चुकीनंतर, हे सगळं द्यावं लागतं, आणि ते द्यायला मी कधी शिकलेच नव्हते.

पुढे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांचा १९८६ सालचा लेख वाचनात आला. विषयाचं ज्ञान एक, वर्ग चालवण्याचं ज्ञान दुसरं, आणि हा विषय मुलांना नेमका कुठे अडतो, कोणत्या उदाहरणाने किंवा आकृतीने सुटतो, हे तिसरंच ज्ञान, जे फक्त शिकवणाऱ्याच्या धंद्याचं आहे, असं त्यांनी मांडलं. वाचताना मला तो फळा दिसत होता. माझं तिसरं ज्ञान मुकं होतं.

या दुसऱ्या कामात आल्यावर चाचपडायला होतं ते माझ्या एकटीचं नव्हतं, हेही बऱ्याच उशिरा कळलं. इंग्लंडमध्ये जीन मरे आणि ट्रेव्हर मेल यांनी शाळेतून शिक्षक-प्रशिक्षणात आलेल्या २८ जणांचा अभ्यास केला; तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे शाळेत मुरलेले लोक. नव्या कामात स्वतःची ओळख पटायला त्यांना दोन-तीन वर्षं लागली. मुलांना शिकवणं ही पहिली पायरी आणि शिकवण्याबद्दल शिकवणं ही दुसरी, असा फरक त्या अभ्यासात केला आहे. पहिल्या पायरीवरचा मुरलेला माणूस दुसऱ्या पायरीवर पुन्हा नवखा असतो. माझ्या नेमणुकीच्या वेळी हे मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्या मुलीच्या हातातून खडू घेतला नसता असं नाही म्हणवत, पण निदान उत्तर तरी दुसरं दिलं असतं.

शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या गटात आम्ही पाच जण होतो आणि पाचही जण वेगवेगळ्या वाटांनी आलेले. शिक्षक व्हायचं तर वाट ठरलेली असते: पदवी, अध्यापनाचा अभ्यासक्रम, सराव पाठ, मग वर्ग. शिक्षकांचा शिक्षक व्हायला अशी वाट जवळपास कुठेच आखलेली नाही. कुणी शाळेत नाव कमावून येतं, कुणी शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन थेट अध्यापक महाविद्यालयात रुजू होतं, कुणी पाठ्यपुस्तकं लिहिता लिहिता, कुणी संशोधनातून, कुणी सामाजिक कामातून. सगळ्यांत जास्त शिकले ते मी आमच्या सिस्टरांकडून.

त्या मूळच्या परिचारिका. काही वर्षं रुग्णालयात नोकरी, मग परिचारिकांच्या विद्यालयात शिकवणं, आणि आरोग्यशिक्षणाच्या निमित्ताने शाळांमध्ये. नोकरी बदलली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. सुरुवातीला मला त्यांचं आमच्यात असणं खटकायचं. मुलांच्या वर्गाशी यांचा काय संबंध, असं मनात येई. खडूची गोष्ट मी त्यांना सांगितली ती खरं तर कौतुकाच्या अपेक्षेने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नवीन मुलगी पहिल्यांदा रुग्णाची शीर शोधत असते ना, तेव्हा शेजारी उभं राहणाऱ्याचे हात शिवशिवतात. वाटतं, आण इकडे. पण आपण सुई घेतली की त्या दिवशी काम होतं आणि मुलगी तिथेच राहते. आठवड्याने तीच मुलगी रात्रपाळीला एकटी असते. म्हणून मी हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. रुग्णाला खरोखर धोका दिसला तरच हात पुढे.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुमच्या वर्गात त्या दिवशी कुणाच्या जिवावर बेतलं होतं का?”

सिस्टर खरंच तशा उभ्या राहत. वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी, दोन्ही हात पाठीमागे. पाठ घसरत असला तरी चेहऱ्यावर काही नाही. माझ्यासारखीला ते बघणं जड जायचं. पण तास संपल्यावर त्या शिक्षिकेला पहिला प्रश्न विचारत, “तुला कुठे कळलं की आता हे बिघडतंय?” आणि शिक्षिकेला ती जागा बहुतेक वेळा माहीत असे. माहीत असून पुढे काय करावं हे सुचलेलं नसे. तिथून दोघींचं बोलणं सुरू होई.

परिचारिकांच्या विद्यालयातून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली. तिथे कोणतीही कृती सांगून सोडून देत नाहीत. दाखवतात, पुतळ्यावर करून घेतात, चुकलेला तेवढाच भाग पुन्हा करून घेतात, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली रुग्णावर. आम्ही शिक्षकांना सांगत होतो: मुक्त प्रश्न विचारा, चुकीच्या उत्तराचं स्वागत करा. सांगून झालं की आमचं काम झालं. सिस्टर म्हणाल्या, विचारून दाखवू दे की. मग आम्ही तीन-तीन शिक्षकांचे गट केले. एकाने चुकीचं उत्तर द्यायचं, दुसऱ्याने त्यावर पुढचं वाक्य बोलायचं, तिसऱ्याने फक्त ऐकायचं. एकच वाक्य. पुन्हा. पुन्हा. पहिल्या फेरीत सगळे संकोचले. चौथ्या फेरीला एका शिक्षकाच्या तोंडून आलं, “तू ३५ कुठून सुरू केलंस मोजायला?” आणि सगळी खोली गप्प झाली. सगळ्यांना कळलं की हे वाक्य वर्गात चालेल.

ज्यांनी अध्यापनाची पदवी घेतली आहे त्यांना इथे सूक्ष्म अध्यापन आठवेल. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ते सुरू झालं तेव्हा त्यामागे हाच विचार होता: शिकवण्याचा एक लहानसा तुकडा घ्यायचा, पाच-दहा मिनिटं करून बघायचा, त्यावर बोलायचं, पुन्हा करायचा. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणात ते इतकं कोरडं झालं होतं की कौशल्यांची नावं पाठ करणं आणि तक्त्यात खुणा करणं एवढंच उरलं होतं. सिस्टरांनी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं, आणि त्यातला जीव त्यांच्याकडे शाबूत होता.

गटातले दुसरे सहकारी, आमचे सर, पदार्थविज्ञानातले. अनेक वर्षं प्रयोगशाळेत संशोधन केलेले, शाळेच्या वर्गात एकही दिवस न शिकवलेले. त्यांना तो मागच्या रांगेतला प्रश्न विचारला गेला की ते सरळ सांगत, “नाही. मला वर्ग चालवता येत नाही. ते तुम्हाला येतं.” मला आधी वाटायचं, आता यांचं कोण ऐकणार. एकदा आम्ही दोघं एका विज्ञान शिक्षकाच्या तासाला बसलो होतो. सावलीचा पाठ. एका मुलीने विचारलं, आरशाची सावली पडते का? शिक्षकाने “पडते, पुढे बघा” म्हणून पाठ रेटला. तासानंतर मी माझी निरीक्षणाची वही उघडणार इतक्यात सर म्हणाले, “ती मुलगी असं का विचारत असेल हो? आरसा प्रकाश परत पाठवतो, मग अडवतो कुठे, असं तर तिला वाटलं नसेल?” त्यावर तो शिक्षक, जो माझ्यासमोर नेहमी ‘हो मॅडम’ ‘बरं मॅडम’च्या पुढे जात नसे, अर्धा तास बोलला. त्या मुलीबद्दल, तिच्या आधीच्या प्रश्नांबद्दल, आपल्याला उत्तराची खात्री नव्हती म्हणून आपण घाईने पुढे गेलो याबद्दल. माझ्या १२ वर्षांपुढे त्याला हे कबूल करणं कठीण गेलं असतं. ज्याला वर्गातलं काही ठाऊक नाही अशा माणसासमोर तो जाणकार होता, आणि जाणकाराला अडचण सांगायला कमीपणा वाटत नाही.

पण सरांचं न शिकवणंही मी एका तासाला महागात पडलेलं पाहिलं आहे. त्यांनी एका शिक्षिकेला भिंगांचा एक सुंदर प्रयोग सुचवला. ३५ मिनिटांचा तास, ४८ मुलं, सहा भिंगं. भिंगं वाटण्यातच नऊ मिनिटं गेली, दोन गटांत भांडण झालं, तास संपला तेव्हा अर्ध्या मुलांनी भिंग हातातही घेतलं नव्हतं. ती शिक्षिका पुढे महिनाभर प्रयोगाच्या वाटेला गेली नाही. वर्गातला वेळ कसा वाहतो, कुठे सांडतो, हे पुस्तकातून कळत नाही. म्हणून माझं मत आता पक्कं आहे: ज्याने मुलांना कधी शिकवलेलं नाही अशा माणसाने शिक्षकाला मार्गदर्शन करायला एकट्याने जाऊ नये. त्याच्याबरोबर माझ्यासारखं कुणी असावं. आणि तितक्याच ठामपणे, माझ्यासारखीनेही एकटीने जाऊ नये.

गटातल्या मोठ्या बाईंबद्दल थोडक्यात. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या वर्गात शिरल्या की शिक्षक फळ्यावर तारीख लिहिली आहे का ते बघत आणि मुलं ताठ बसत. मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी शेकडो पाठांवर शेरे लिहिले होते आणि तो शेरा त्यांच्याबरोबर सगळीकडे चालत असे, त्यांची इच्छा असो वा नसो. शेवटी त्यांनी वही-पेन घरी ठेवून जायला सुरुवात केली आणि मुलांच्या शेजारी, मुलांच्याच बाकावर बसू लागल्या. त्यांना या बदलाला वर्ष लागलं. त्या वयात ते करणं सोपं नव्हतं आणि मला त्यांचा फार आदर वाटतो.

या क्षेत्रातली मोठी नावं पाहिली तर त्यांच्याही वाटा अशाच आडवळणाच्या दिसतात. बालवाडीची कल्पना मांडणारे फ्रीड्रिख फ्रबेल तरुणपणी वनरक्षकाकडे उमेदवारी करत होते, पुढे बर्लिनमध्ये त्यांनी स्फटिकांच्या संग्रहावर काम केलं. बालवाडीच्या मुलांच्या हातात त्यांनी दिलेले घन, गोल आणि दंडगोल पाहताना ते स्फटिक आठवल्याशिवाय राहत नाहीत. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांचं बालगृह सुरू झालं आणि दोन वर्षांत त्या शिक्षकांना शिकवू लागल्या. त्यांच्या शिकवणीत सर्वांत वरचं स्थान निरीक्षणाला होतं. औषध देण्याआधी रुग्णाकडे नीट पाहायचं, ही डॉक्टरची सवय. गुजरातमध्ये बालशिक्षणाचं काम उभं करणारे गिजुभाई बधेका आधी वकील होते. रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव विगोत्स्की यांनी कायदा शिकला आणि गोमेल गावात शाळेत व शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात शिकवलं. जॉन ड्यूई यांच्याबद्दल आपण तत्त्वज्ञ म्हणून बोलतो, पण १८७९ ते १८८१ या काळात ते एका लहान गावातल्या हायस्कुलात शिकवत होते, आणि १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठात गेल्यावर त्यांनी काय केलं, तर दोन वर्षांत शाळा काढली. आपलं म्हणणं मुलांपुढे तपासून बघायला त्यांना शाळा लागली.

यातला प्रत्येक जण आधीच्या कामातून एकेक नजर घेऊन आला. तरी तेवढ्याने भागलं नाही. प्रत्येकाला मुलांमध्ये जाऊन बसावं लागलं, आणि वर्षानुवर्षं बसावं लागलं. त्यांच्या चरित्रांतल्या या भागाकडे आपण कमी लक्ष देतो, असं मला वाटतं.

अजून एक पूर्वायुष्य आहे, जे आमच्यापैकी कुणाच्याही परिचयपत्रात लिहिलेलं नसतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की शाळा संपेपर्यंत एखादा विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना समोरून पाहतो. शिक्षक होण्याआधीच त्याची ती उमेदवारी होऊन गेलेली असते, मात्र ती बाकावरून पाहिलेली. शिक्षकाने हे उदाहरण का निवडलं, काय टाळलं, रात्री कशाची तयारी केली, हे बाकावरून दिसत नाही. म्हणून नवा शिक्षक अडचणीत सापडला की आपल्याला शिकवणाऱ्यांसारखा वागायला लागतो.

मी हा आकडा माझ्या कामाला लावून पाहिला आणि अस्वस्थ झाले. शिक्षकांना शिकवणाऱ्यांना मी किती तास पाहिलं होतं? अध्यापनाच्या पदवीचा काळ आणि सेवेतली काही शिबिरं. त्या थोड्या तासांत मी बहुतेक काय पाहिलं? एक माणूस पुढे उभा राहून बोलतो आणि आम्ही लिहून घेतो. शिक्षकाच्या शेजारी बसून त्याच्या तासाबद्दल बोलणारं कुणी मी पाहिलेलंच नव्हतं. म्हणून पहिल्या वर्षी मी शिबिरात ‘मुलांना बोलू द्या’ या विषयावर सलग दोन तास बोलले. समोर ६० शिक्षक गप्प बसून ऐकत होते. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

नुसत्या ऐकण्याने काही होत नाही, हे अभ्यासकांनी केव्हाच सांगून ठेवलं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शावर्स यांनी मांडलं की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक पाहून शिकलेली गोष्ट वर्गापर्यंत क्वचित पोचते. ती पोचायला शिक्षकाच्या वर्गात, त्याच्या सोबत कुणी असावं लागतं. २०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी अशा मार्गदर्शनावरच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिकवण्यात स्पष्ट सुधारणा दिसली, मुलांच्या शिकण्यातही काही प्रमाणात. पण कार्यक्रम लहान होता तिथे परिणाम मोठा आणि शेकडो शिक्षकांपर्यंत पोचवायला गेले की तो उतरलेला. मला याचं नवल वाटलं नाही. पन्नास शिक्षकांसाठी दोन-तीन चांगली माणसं शोधता येतात. पाच हजारांसाठी जी यादी बनते, ती सहसा सेवाज्येष्ठतेवर किंवा पदवीवर बनते, आणि कधी कधी वर्गाला कंटाळलेल्या माणसाला विसावा म्हणून हे काम दिलं जातं. वर्गाला कंटाळलेल्या माणसाने शिक्षकाच्या शेजारी बसणं मला फार वाईट वाटतं. शिक्षकाला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

काही ठिकाणी याचा विचार नीट झाला आहे. सिंगापूरमध्ये शिक्षकाला बढतीसाठी मुख्याध्यापकच व्हावं लागत नाही. अध्यापनाचीच वेगळी चढती वाट आहे आणि तिच्या वरच्या पायऱ्यांवरचे शिक्षक इतर शिक्षकांना घडवतात. चीनमध्ये विषयवार अध्यापन-संशोधक असतात, ते बहुधा उत्तम शिक्षकांतून निवडलेले असतात आणि शाळाशाळांत जाऊन पाठांवर शिक्षकांशी चर्चा करतात. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात, आणि शेवटी बाहेरून बोलावलेला जाणकार बोलतो. सर्वांत शेवटी, हे मला विशेष आवडतं.

पण माझ्यावर सर्वांत जास्त परिणाम झाला तो डेबोरा बॉल यांच्या उदाहरणाचा. त्या प्राथमिक शिक्षिका होत्या. विद्यापीठात आल्यावरही त्यांनी तिसरीच्या मुलांना गणित शिकवणं चालू ठेवलं आणि १९८९-९० या वर्षातल्या त्या वर्गाची चित्रफीत, मुलांच्या वह्या, स्वतःची टिपणं, असं सगळं जपून अभ्यासासाठी खुलं केलं. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या शिक्षण विभागाच्या अधिष्ठाता झाल्या, तरी उन्हाळ्यात मुलांचा गणिताचा वर्ग घेत राहिल्या, इतर शिक्षक आणि अभ्यासक बसून पाहत असताना. आधी चर्चा होते, मग वर्ग, मग पुन्हा चर्चा. त्यांचं पूर्वायुष्य मागे पडलेलंच नाही.

तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, मी महिन्यातून एक तास घेते. आदर्श पाठ म्हणून नव्हे. ज्या शिक्षकाबरोबर माझं काम चालू असेल त्याच्या वर्गात, त्याच्या पाठटाचणात त्या दिवशी जे असेल तेच. तो शिक्षक मागे बसतो आणि जे दिसेल ते लिहितो. मी एवढंच सांगून ठेवते की छान, उत्तम असले शब्द नकोत, जे घडलं ते हवं.

पहिल्या तासाला मी हादरले. ज्या १२ वर्षांचा मी उल्लेख करत होते त्यातलं बरंच काही विरून गेलं होतं. मुलांची नावं माहीत नसताना शिस्त लावणं किती अवघड असतं हे मी विसरले होते. पाच मिनिटांचं म्हणून दिलेलं काम चौदा मिनिटं चाललं. शिक्षकांना मी ‘प्रश्न विचारून थांबा’ असं सांगत आले होते. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एखाद सेकंदच थांबतात आणि ते तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात. हे मी किती शिबिरांत सांगितलं असेल! फळ्यापाशी उभं राहिल्यावर तीन सेकंद किती लांब असतात ते पुन्हा अंगावर आलं.

मागच्या महिन्यात सहावीच्या वर्गावर होते. अपूर्णांकांची बेरीज. मागे बसलेली शिक्षिका अबोल आहे, माझ्याबरोबर काम करून तिला वर्ष झालंय, पण ती स्वतःहून फारसं बोलत नाही. तास बरा गेला असं मला वाटत होतं. १/२ आणि १/३ मिळवून २/५ उत्तर देणारे तिघं सापडले, त्यांना मी विचारलं की अर्ध्यापेक्षा २/५ मोठं की लहान, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा बदल पाहून मला जुना आनंद झाला.

घंटा झाली. शिक्षिकेने वहीचं पान फाडून माझ्या हातात ठेवलं आणि मुलांना रांगेत उभं करायला निघून गेली. पानावर वेळा टाकून आठ-दहा ओळी होत्या. अकराव्या मिनिटापाशी लिहिलं होतं: ‘खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तुम्ही फळ्याकडे वळलात. तिने खाली घेतला. सतराव्या मिनिटाला पुन्हा. बाविसाव्या मिनिटाला पुन्हा, अर्धाच. तिच्या वहीत उत्तर बरोबर आहे, पण तिने वेगळ्या पद्धतीने काढलंय.’

मी ते पान घेऊन वर्गाच्या दाराशी उभी राहिले. रांग पुढे सरकत होती. शिक्षिका परत आली तेव्हा मी तिला विचारलं, “ती मुलगी कोणती?” तिने नाव सांगितलं. मग म्हणाली, “मॅडम, उद्या माझा तास पहिला आहे. तिला मी फळ्यावर बोलावणार आहे. तुम्ही याल?”

मी म्हटलं, “येईन. मागे उभी राहीन.”